पळसदरीचं रोमन कासव

भिवाजी पिंगळ्याला या सगळ्या उद्योगातून मिळायचं होतं ते एवढंच : हात असलेली एक खुर्ची.

खुर्ची म्हणजे पद नव्हे. खरोखरची, सागवानी, वेताने विणलेली आणि कोपरं टेकायला दोन हात असलेली खुर्ची. पळसदरीच्या गावकीत अशी एकच. वैशाखातल्या जत्रेला ती देवळापुढच्या मांडवात मांडायची आणि त्या वर्षी ज्याने गावाचं नाव वर काढलं असेल त्याने तिच्यावर बसायचं, असा रिवाज. बाकीच्या मानकऱ्यांना बाक आणि बाकावर न मावणाऱ्यांना सतरंजी. गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीवर भिवाजीचा चुलतभाऊ पोपट बसत होता. पोपट सरपंच होता, आणि गावाचं नाव दर वर्षी आपणच वर काढतो हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. उगाच दुसऱ्या कुणाला विचार करण्याचे कष्ट नकोत. भिवाजी खोपोलीच्या एका कागद गिरणीत टाइमकीपर. तिथे धडधाकट माणसं त्याच्या मनगटाकडे बघून धावत सुटायची. पण गावात आला की तो बाकाच्या टोकाला, अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत.

तेव्हा जमेच्या बाजूला खुर्ची, पोपटचं उतरलेलं तोंड, आणि बायकांच्या घोळक्यातून आपली बायको भागूबाई आपल्याकडे टक लावून बघते आहे, हे दृश्य. खर्चाची बाजू भिवाजीने मांडलीच नाही. मोठे बेत करणारी माणसं ती मांडत नाहीत. म्हणून तर बेत मोठे होतात.

साल चौऱ्याहत्तर. महाराष्ट्र दिनाला खालापूरच्या मैदानावर आसपासच्या दोन तालुक्यांतल्या गावांची देखाव्यांची स्पर्धा व्हायची आणि जिंकणाऱ्या गावाला फिरती ढाल मिळायची. ती ढाल आजवर फिरली होती, पण पळसदरीच्या बाजूला नाही. आदल्या वर्षी तर पाच गावांनी पाच शिवाजी महाराज आणले होते आणि पुढे कुठल्या महाराजांनी जायचं यावरून मावळ्या-मावळ्यांत जुंपली होती. पळसदरीचे महाराज तर घोडा न मिळाल्यामुळे टेंपोतून आले होते.

गावकीच्या बैठकीत भिवाजी म्हणाला, "औंदा कायतरी येगळं करूया."

"तू कर की," पोपट म्हणाला. "ढाल आन, खुर्ची तुजी. समद्यांम्होरं सांगतो."

पोपट हे हसत म्हणाला. पण गावकीत हसत बोललेलंसुद्धा बोललेलं धरतात.

आता वेगळं म्हणजे काय, याचं उत्तर भिवाजीला गिरणीच्या रद्दीत मिळालं. मुंबईहून लगदा करायला येणाऱ्या रद्दीच्या गठ्ठ्यात त्याला एक रंगीत चित्रांचं इंग्रजी पुस्तक सापडलं : रोमचं सैन्य. म्हणजे पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग सापडला. मागचा अर्धा आधीच्या पाळीत लगदा होऊन गेला होता. डोक्यावर आडवे तुरे लावलेली शिरस्त्राणं, लाल झगे, गुडघ्यापर्यंत पट्टे बांधलेल्या वहाणा, कमरेखाली कातडी पट्ट्यांचा घागरा, आणि सगळ्यांच्या पुढे उंच काठीवर सोनेरी गरुड. शेवटच्या शिल्लक पानावर तर चमत्कारच होता. सैनिकांनी डोक्यावर आणि बाजूंनी ढाली धरून सगळ्या तुकडीचं मिळून एक कासव केलं होतं. कासव कसं करायचं ते त्या पानावर होतं. मोडायचं कसं, ते पुढच्या पानावर होतं. पुढच्या पानाचे बहुधा एव्हाना खाकी लिफाफे झाले होते.

भरती कबड्डीच्या पोरांमधून झाली. चांगो, गोमा, असे दणकट गडी. गावाने सल्ला दिला, कारण सल्ल्याला कच्चा माल लागत नाही. वाण्याने सांगितलं, झग्यांना रंग माझ्याकडचाच घ्या, धुतल्यावरसुद्धा जात नाही. (तो धुण्याआधीच गेला, आणि गोमाची पाठ गुढीपाडव्यापर्यंत लाल होती.) देवळाच्या गुरवाने विचारलं, या लोकांचा देव कोण. गोमाला वेगळीच शंका.

"दादा, ही रोमन लोकं भात खायची का?"

"नाही रे, गहू."

"मंग हारली असतील."

शिरस्त्राणांना गावकीचे लग्नातले अल्युमिनियमचे टोप घेतले आणि त्यांच्यावर तुरा म्हणून केरसुण्या आडव्या बांधल्या. घागऱ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबा उभ्या कापल्या. इथे सैन्यात पहिला बंडाचा सूर निघाला. जन्मभर लंगोटीवर चिखलात राबलेला गोमा ट्यूबचा घागरा हातात धरून म्हणाला, "दादा, बिनकापडाचा सांगा, फिरतो. घागरा आमी नाय घालनार." त्याच्यामागोमाग चांगो गेला, आणि चांगोमागून सगळी कबड्डी. रोमचं सैन्य एका संध्याकाळीत बरखास्त झालं. उरला एक सेनापती, तोही घागऱ्यातला.

गरुड मात्र तयार झाला होता. भिवाजीने तो गिरणीतल्या लगद्याचा स्वतःच्या हाताने केला होता. ओला असताना तो गरुडच होता. वाळताना तो आक्रसला, मान आत गेली, पोट पुढे आलं, चोच किंचित वाकडी झाली. भिवाजीने सोनेरी रंग दिला आणि तो ओसरीवर ठेवला. भागूबाई बाहेर आली, तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंड्यावरची हाय का वो?"

"गरुड आहे तो."

"मी कुटं नाय म्हनते? पन खुडूक दिसते."

तेव्हापासून गाव त्याला कोंबडीच म्हणू लागलं. भिवाजीने यावर उपाय म्हणून गरुडाची काठी वाढवली. जितका उंच नेऊ तितकी चोच कमी दिसेल, हा हिशेब. आणि शिवाय मैदानावर कुठल्याही गावाचं निशाण आपल्याहून उंच असता कामा नये. चांगला लांबसडक बांबू निवडला. या बांबूकडे वाचकांनी लक्ष असू द्यावं. भिवाजीने दिलं नाही.

सैन्य गेलं, पण ढालींचा प्रश्न सोडवता सोडवता दुसरं सैन्य आलं. एवढ्या ढाली आणायच्या कुठून, या विवंचनेत भिवाजी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि त्याची नजर चुलीवरच्या माळ्याकडे गेली. तिथे भागूबाईचं इरलं टांगलेलं होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचा थर, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं. भाताच्या आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, बायका पाऊसभर ते पाठीवर वागवतात, आणि एरवी कीड लागू नये म्हणून चुलीच्या धुरात टांगून ठेवतात. असलं इरलं गावातल्या घराघरांत. रोमन लोकांना हे सुचलं असतं तर त्यांनी लोखंड वाया घालवलं नसतं.

पण इरल्यांच्या मालकिणी सोनुबाईच्या हुकमतीत होत्या. आवणीच्या टोळीची ती मुकादमीण. बांधावर उभं राहून तिने हाक मारली की शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे.

"इरली देऊ," ती म्हणाली, "पन पुरुषांच्या हाती नाय. गड्यांनी आजवर घोंगडी घेतली, त्यांना इरल्याचं काय कळतं? आमचं इरलं जिथं जाईल तिथं आमी."

"अहो, पण हे सैन्य आहे, सोनुबाई. लढाई आहे."

"मंग तर आमीच बऱ्या. आनि कासव करताय नव्हं? देवाच्या म्होरं कासवच असतंय. पुन्याचं काम हाय. फक्त टोप डोक्यावर घेनार नाय. टोप चुलीवर शोभतो."

अशा रीतीने रोमच्या सैन्यात लुगडी आली. ती मात्र लालच नेसायची ठरली, म्हणजे झग्याचा प्रश्न मिटला. आघाडीच्या फळीने समोर सुपं धरायची, मागच्यांनी पाठीवर इरली घेऊन कमरेत वाकायचं. भागूबाई मागच्या फळीत होती. नवऱ्यावर नजर ठेवायला तीच जागा सोयीची, असं तिचं म्हणणं.

धरणाच्या कोरड्या पात्रात कवायत सुरू झाली. भिवाजी टोपाखालून ओरडायचा, "लेफ्ट, राइट!" बायकांचे पाय काही केल्या एका वेळी पडेनात. शेवटी सोनुबाई म्हणाली, "दादा, तुमी गप उभं रावा," आणि तिने आवणीचं गाणं धरलं :

*सर गं बाई, सर गं,*
*चिखल भर गं पायी…*

पाय असे पडू लागले की गिरणीचं यंत्र लाजावं. भिवाजी खूश. पण एक गोष्ट राहून गेली. इरली कवायतीला आणायला सोनुबाईने साफ नकार दिला. "उन्हात कामट्या तडकतात. कामाच्या दिवशीच निघतील." म्हणून कवायत ताठ कमरेने आणि मोकळ्या पाठीने झाली. टाइमकीपरला हे खटकायला हवं होतं. पण त्याची सगळी बुद्धी त्या वेळी बांबूला फडकं बांधण्यात गुंतली होती.

मिरवणुकीची परवानगी काढायला तो एका कचेरीत गेला. कुठल्या, ते सांगत नाही. अजून तिथे कामं पडतात. कारकुनाने अर्ज उलटापालटा करून वाचला.

"सैन्य कुणाचं?"

"रोमचं."

"म्हणजे परदेशी. मग त्यांचं पत्र लागेल."

"अहो, ते लोक मेले. दोन हजार वर्षं होत आली."

"मग वारसांचं पत्र लागेल." कारकुनाने रजिस्टर पुढे ओढलं. "हे बघा, आमच्याकडे मिरवणुकीचे तीन रकाने आहेत. भजन, लग्नाची वरात आणि प्रेतयात्रा. यात तुमचं कशात बसतं ते तुम्हीच सांगा."

भजनाला पेटी-तबला दाखवावा लागणार होता. प्रेतयात्रेचं नाव काढवेना. भिवाजीने हताश होऊन वरातीवर बोट ठेवलं, आणि रोमचं सैन्य लग्नाची वरात म्हणून शिक्कामोर्तब होऊन बाहेर पडलं.

एक मेच्या सकाळी टेंपो खालापुरात पोचला. इरल्यांमुळे सगळ्या टेंपोला चुलीच्या धुराचा वास येत होता. मैदानाच्या फाटकावर बंदोबस्ताच्या हवालदाराने कागद पाहिला, टोप घातलेल्या भिवाजीकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"वरात आहे ना? नवरा कुठाय?"

"हा काय," सोनुबाईने भिवाजीला पुढे ढकललं.

"मुंडावळ्या नाहीत त्याला? विनामुंडावळ्यांची वरात मी आत सोडली तर उद्या मला विचारतील."

बाहेर फुलवाली बसलीच होती. वयाची पन्नाशी गाठलेल्या रोमच्या सेनापतीच्या कपाळावर, केरसुणीच्या तुऱ्याखाली, मोगऱ्याच्या मुंडावळ्या बांधण्यात आल्या. बांधल्या भागूबाईने. बांधताना ती इतकी हसत होती की गाठ दोनदा सुटली. "पयल्या लग्नात येवढं नटला नव्हता," ती म्हणाली. पोपट, जो आपल्या चुलतभावाची फजिती खास जवळून बघता यावी म्हणून व्यासपीठाच्या मागच्या रांगेत जागा धरून बसला होता, त्याने लांबूनच मुंडावळ्या पाहिल्या आणि शेजाऱ्याला खुशीत तपकीर दिली.

व्यासपीठावर मुख्य परीक्षक होते मुंबईचे इतिहासाचे प्राध्यापक घैसास. यंदा उरलेले चारही महाराज येऊन गेले. एक अफझलखान ऊन लागून बसला. मग पुकारा झाला, "पळसदरी! रोमन सैन्य!" आणि प्राध्यापक पहिल्यांदाच खुर्चीत सावरून बसले.

आता मैदानाची रचना ध्यानात घ्या. एका टोकाला व्यासपीठ. गावांनी त्याच्यापुढून जायचं, पुढे जाऊन आपला देखावा करून दाखवायचा, आणि दुसऱ्या टोकाच्या मोठ्या वडाखालून बाहेर पडायचं. भिवाजी सैन्य घेऊन व्यासपीठाच्या पुढे आला, थोडा पलीकडे गेला, वडाकडे तोंड करून थांबला, आणि बांबू उंचावून गरजला, "कासव!"

क्षणात सुपं समोर आली, पाठीवर इरली चढली, कमरा वाकल्या. असं घट्ट, काळपट, एकजीव कासव की फट दिसेना. मैदान टाळ्यांनी दणाणलं. प्राध्यापक उठून उभे राहिले.

"चलो!" भिवाजी ओरडला, आणि मान वर, छाती पुढे, ट्यूबचा घागरा फटफटवत वडाच्या दिशेने चालू लागला. मागून सोनुबाईचं गाणं उठलं. *सर गं बाई, सर गं.* पावलं दणदण पडू लागली.

पडली, पण मागे. पाठीवर इरलं पडलं आणि कमर वाकली की पळसदरीच्या बाईचे पाय मागेच जातात. जन्मभर आवणी केलेली. पुढे रोप लावायचं आणि आपण मागे सरायचं. पुढे गेलं तर लावलेलं तुडवलं जाईल. भिवाजी पुढे निघाला आणि सैन्य तितक्याच शिस्तीने, गात गात, व्यासपीठाकडे मागे निघालं. सेनापतीला टाळ्या ऐकू येत होत्या, हशाही ऐकू येत होता. पण सेनापती मागे वळून बघत नसतो, असं त्याने पुस्तकातल्या चित्रांवरून ताडलं होतं. गाणं लांब लांब का जातंय, असा एक विचार टोपात शिरला. तेवढ्यात तो वडाखाली पोचला, आणि वर काहीतरी फसक्‌ झालं.

वडाच्या फांदीला आग्या मोहोळ होतं. परातीएवढं. सगळ्या गावांची निशाणं वर्षानुवर्षं त्याच्या खालून बिनबोभाट गेली होती. एवढा लांब बांबू आजवर कुणी आणला नव्हता.

पुढचं सगळं फार घाईत झालं. चारही महाराज, चारही गावचे मावळे आणि ऊन लागलेला अफझलखान जुनं वैर विसरून एकाच दिशेने पळाले. हवालदार पळाला. मंडपात खुर्च्या उलथल्या. आणि त्याच वेळी कासव व्यासपीठाला येऊन टेकलं.

"कुनी हलायचं नाय!" सोनुबाईची बांधावरची हाक मैदानावर घुमली. "बसा खाली!"

सगळ्या बायका एकदम उकिडव्या बसल्या. शेतात झोडपून पाऊस आला की बसतात तशाच. इरल्याला इरलं भिडलं, कडा जमिनीला लागल्या. व्यासपीठावरून प्राध्यापक घैसास कासवाच्या आत शिरले. त्यांच्यामागून इतर मान्यवर, त्यांच्या बायका, निवेदक. सगळ्यात शेवटी पोपट गुडघ्यांवर रांगत आला.

"मला घ्या गं, सोनुबाय!"

"जागा नाय. आमी फकस्त वरातवाल्यांना घेतो."

"मी नवऱ्याचा भाव हाय!" पोपट कळवळून म्हणाला. हे नातं त्याने चारचौघांत पहिल्यांदाच एवढ्या आवाजात सांगितलं. मग त्याला सुपामागे जागा मिळाली.

माश्या आल्या, घोंगावल्या, इरल्यांवर बसायला गेल्या आणि उठल्या. वर्षानुवर्षांच्या चुलीचा धूर त्या पानांत मुरलेला. माशीला धुराइतकं वावडं कशाचंच नाही. आत एकालाही काटा लागला नाही.

राहिला सेनापती. त्याने टोप कानांखालपर्यंत ओढला आणि आंधळेपणाने धावत सुटला. पण मोगऱ्याच्या मुंडावळ्या टोपाबाहेर लोंबत होत्या, आणि माश्यांना एवढा पत्ता पुरतो. तोंड टोपात वाचलं, म्हणजे नाकाचा शेंडा सोडून. पण रोमन पोशाखात मागची बाजू अगदीच दुर्लक्षित आहे. रोमन सैन्य शत्रूला पाठ दाखवत नसे, त्यामुळे त्यांनी त्या बाजूला कापड घातलं नसावं. शेवटी भिवाजी गुरांच्या हौदात पडला आणि तिथेच, टोपासकट, थांबला.

माश्या गेल्या. मैदान सुनसान झालं. कासव मात्र जागेवरच.

"आता उठायचं का हो?" आतून प्राध्यापकांनी हळूच विचारलं.

"हुकूम नाय," सोनुबाई म्हणाली. "कासव मोडायचा हुकूम दादांनी शिकवलाच नाय."

शिकवणार कसा? तो लिफाफ्यांवर गेला होता. मान्यवर घामाघूम होऊन एकमेकांच्या कोपरांशी ओळख करून घेत राहिले. शेवटी भागूबाई मागच्या फळीतून रांगत बाहेर आली. तिने मैदान पाहिलं, हौदात तरंगणारी केरसुणी पाहिली, वडाखाली गेली. तिथे मधाच्या पोळ्याच्या तुकड्यात गरुड पडला होता, चोच आत रुतलेली. तिने गरुड पोळ्यासकट उचलला, पदराखाली घेतला, आणि परत येऊन मोठ्याने म्हणाली,

"चहा आला गं!"

कासव फटकन मोडलं.

प्राध्यापक घैसासांनी निकाल सांगताना कपाळाचा घाम पुसला. "रोमन कासवाबद्दल मी उभी हयात वाचत आलो," ते म्हणाले. "पण शत्रू दिसायच्या आधीच शिस्तबद्ध माघार घेऊन नागरिकांना आश्रय देणारं कासव आज प्रथम पाहिलं. आणि माश्यांना आपल्याकडे ओढून घेणारा सेनापती तर ग्रंथांतही नाही." माश्या उठल्या कशाने, हे कुणी विचारलं नाही. भागूबाईचा पदर जरा फुगलेला होता आणि त्याच्याभोवती दोन चुकार मुंग्या फिरत होत्या. पण बायकांच्या पदराकडे बघायची त्या मैदानावर कुणाची टाप नव्हती.

ढाल पळसदरीला आली. पोपट जत्रेत स्वतः उठला आणि ती हात असलेली, वेताची, सागवानी खुर्ची त्याने स्वतःच्या उपरण्याने पुसली.

"बस, भिवा. शबुद म्हंजे शबुद."

सगळं गाव बघत होतं. बायकांच्या घोळक्यातून भागूबाई टक लावून बघत होती, अगदी योजल्याप्रमाणे; फक्त तोंडात पदराचा बोळा होता. भिवाजीने खुर्चीकडे पाहिलं. वेताच्या त्या उभ्याआडव्या विणीकडे पाहिलं. आणि हात जोडून म्हणाला, "नको. देवापुढे मी उभाच बरा."

गावात कुजबूज झाली. केवढा नम्र माणूस! गुरवाच्या डोळ्यांत पाणी आलं. मानकरी ओशाळून बाकावरून उठले, आणि त्या वर्षी पळसदरीची सगळी जत्रा उभ्याने झाली. मग रिकामी खुर्ची बघवेना म्हणून सोनुबाई तिच्यावर मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांवर कोपरं टेकून म्हणाली, "बरी हाय की!"

आता हिशेब मिटवायचा तर असा. गावकीच्या टोपाला पोचा आला, तो पुढच्या लग्नात वरणाने भरून काढला. गरुडाने चोच दिली. पोपटने खुर्ची आणि भाऊ नसल्याचा आव, दोन्ही सोडले. माश्यांनी घर दिलं. त्यातला मध भागूबाईच्या बरणीत गेला, आणि घरात वाद निघाला की ती बरणी खाली काढून भिवाजीच्या भाकरीवर धार धरायची. वाद मिटायचा. बाकी सगळी किंमत भिवाजीने एकट्याने, पालथं झोपून, चुकती केली.